'घरी' म्हणजे नेमके कुठे? : संगणकातील एका चिन्हाविषयी

या स्मरणिकेच्या छायाचित्र विभागात शाळेच्या सुरुवातीच्या काही तुकड्यांची समूहछायाचित्रे वाचकांना दिसणार नाहीत. ती कोणी दिली नाहीत असे नव्हे. माजी विद्यार्थ्यांनी पत्र्याच्या पेटीतून, भिंतीवरच्या चौकटीतून, आईच्या लुगड्याच्या घडीतून काढून ती मोठ्या विश्वासाने माझ्या हाती दिली होती. मी त्यांच्या संगणकीय प्रती केल्या, मूळ छायाचित्रे ज्यांची त्यांना परत पोहोचवली, आणि एका संध्याकाळी पाचसात अक्षरांच्या एका आदेशाने त्या प्रती स्वतःच्या हाताने पुसून टाकल्या. संपादक मंडळाने मला दोष दिला नाही. हे नेमके कसे घडले ते सर्वांना कळेल अशा भाषेत लिहून द्या, एवढेच सांगितले. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे काम करतात, आणि शाळेच्या संगणक कक्षात बसणारी आजची मुले उद्या ते करतील. पालकांनी आणि समाजबांधवांनीही हा लेख वाचावा अशी इच्छा आहे, कारण त्यातला मूळ प्रश्न संगणकापेक्षा जुना आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. एकाच संगणकावर अनेक माणसांना काम करता यावे अशी लिनक्स, मॅक आणि विंडोज या कार्यप्रणालींची रचना असते. प्रत्येकाला आपल्या फायली ठेवण्यासाठी एक स्वतंत्र फोल्डर दिलेले असते. त्याला 'होम डिरेक्टरी' म्हणतात. आपण त्याला घर म्हणू. सुजाता नावाच्या व्यक्तीचे घर लिनक्सवर बहुधा /होम/सुजाता येथे असते, मॅकवर /यूजर्स/सुजाता येथे आणि विंडोजवर सी:\यूजर्स\सुजाता येथे. (प्रत्यक्षात ही नावे रोमन लिपीत असतात, येथे ती आपल्या लिपीत लिहिली आहेत.) एखादी फाईल कुठे आहे हे सांगणारी, तिरप्या रेघांनी जोडलेली नावांची ही साखळी म्हणजे फाईलचा मार्ग. दर वेळी संपूर्ण मार्ग लिहीत बसणे कंटाळवाणे असते, म्हणून घरासाठी एक संक्षिप्त खूण रूढ झाली. ती म्हणजे '~', एक आडवी नागमोडी रेघ. तिला टिल्ड म्हणतात. ~/छायाचित्रे असे लिहिले की त्याचा अर्थ होतो 'माझ्या घरातले छायाचित्रे नावाचे फोल्डर'. सुजाताने लिहिले तर सुजाताच्या घरातले, राहुलने लिहिले तर राहुलच्या.

या चिन्हाचा आणि घराचा संबंध कसा जुळला ही गोष्ट मौजेची आहे. १९७६ साली लिअर सिग्लर या अमेरिकन कंपनीने एडीएम-३ए नावाचे टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कळफलक असलेले यंत्र, बाजारात आणले. त्याच्या कळफलकावर एकाच कळीवर 'होम' हा शब्द आणि '~' हे चिन्ह, दोन्ही छापलेली होती. त्या 'होम'चा माणसाच्या घराशी काही संबंध नव्हता. पडद्यावरचा कर्सर डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात नेणे, म्हणजे कर्सरला त्याच्या घरी पाठवणे, एवढाच तिचा अर्थ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय हा विद्यार्थी याच यंत्रावर काम करीत असे. त्याने लिहिलेल्या 'सी शेल' या कार्यक्रमात टिल्ड म्हणजे वापरकर्त्याचे घर हा संकेत आला. कळफलकावरच्या त्या शेजारामुळेच हे चिन्ह घराच्या वाट्याला आले, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पुढे इतर शेलनी तो संकेत उचलला आणि पॉसिक्स या मानकातही त्याला स्थान मिळाले. एकेकाळी विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या संकेतस्थळांच्या पत्त्यात नावाआधी टिल्ड दिसे, तोही याच वंशातला.

आता आपल्या वसतिगृहाची आठवण काढू या. रविवारी सकाळच्या वंदनेनंतर आंतरदेशीय पत्रे वाटली जात. पाचवीत नव्याने आलेली मुले पत्र लिहीत, घडी घालीत आणि पत्त्याच्या जागी ठळक अक्षरांत 'आईस, घरी' असे लिहून मोकळी होत. त्यात चूक अशी काहीच नव्हती. लिहिणाऱ्याला घर कोणते ते पक्के ठाऊक होते. परंतु ते पत्र तसेच लाल पेटीत पडले असते तर पोस्टमनने काय करावे? 'घरी' या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या मुखात असतो, पाकिटावर नसतो. म्हणून अधीक्षक सर एकेक पत्र हाती घेत, मुलाला विचारीत, गरज पडल्यास जनरल रजिस्टर उघडीत आणि 'घरी'च्या जागी मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असा संपूर्ण पत्ता लिहीत. मगच पत्र पेटीत जाई.

संगणकात अधीक्षक सरांचे काम शेल करतो. आपण काळ्या खिडकीत आदेश लिहितो, तो प्रथम शेलच्या हाती पडतो. शब्दाच्या अगदी सुरुवातीला टिल्ड दिसला की शेल तो खोडून तेथे घराचा पूर्ण मार्ग लिहितो आणि मग आदेश पुढे पाठवतो. याला टिल्डचा विस्तार म्हणतात. ज्याच्याकडे तो आदेश शेवटी पोहोचतो तो कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र आपला पोस्टमन. त्याला टिल्डचा अर्थ माहीत नाही. ~/छायाचित्रे हा मार्ग विस्तार न होता त्याच्यापर्यंत गेला तर तो '~' याच नावाचे एखादे फोल्डर, जिथे काम चालू आहे तिथे, शोधू लागतो. सापडले नाही तर तसे सांगतो. आणि नवे फोल्डर तयार करण्याचा आदेश असेल तर निमूटपणे '~' नावाचे फोल्डर तयार करून देतो. त्याच्या दृष्टीने 'क' जसे एक अक्षर तसे '~' हे एक अक्षर. मिलिंदप्रश्नात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की चाके म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, आणि राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. टिल्डमध्येही घर कुठेच नाही. तो केवळ व्यवहारापुरता ठरवलेला शब्द आहे, आणि तो व्यवहार शेलच्या उंबरठ्यापर्यंतच चालतो.

उंबरठ्याच्या आतही त्याचे नियम काटेकोर आहेत. टिल्ड शब्दाच्या आरंभी हवा. मध्ये आला तर त्याला विशेष अर्थ नाही. टिल्डनंतर लगेच तिरपी रेघ आली तर आपले स्वतःचे घर, आणि नाव आले तर त्या नावाच्या व्यक्तीचे घर. ~/सुजाता म्हणजे माझ्या घरातले सुजाता नावाचे फोल्डर. ~सुजाता म्हणजे सुजाताचे घर. एका रेघेचा फरक, पण त्या रेघेने घर बदलते. टिल्ड अवतरणचिन्हांच्या आत असेल तर शेल त्याला हात लावत नाही. ज्यांच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा असते ते सवयीने संपूर्ण मार्गाला अवतरणचिन्हे लावतात आणि मग फाईल का सापडत नाही म्हणून डोके धरून बसतात. अशा वेळी टिल्ड आणि तिरपी रेघ अवतरणाबाहेर ठेवावी व उरलेले आत घ्यावे. आणखी एक गंमत अशी : बॅश या प्रचलित शेलमध्ये --फोल्डर ~/छायाचित्रे असे मध्ये जागा सोडून लिहिले तर विस्तार होतो, परंतु --फोल्डर=~/छायाचित्रे असे जोडून लिहिले तर होत नाही, कारण आता टिल्ड शब्दाच्या आरंभी उरलेला नाही. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. आज्ञावलीच्या हाती मात्र एकदा पूर्ण पत्ता पडतो आणि एकदा नुसते 'घरी'.

घराचा पत्ता शेलला कुठून मिळतो? येथेही वसतिगृहाचाच दाखला उपयोगी पडेल. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची पुष्कळ मुले होती आणि आहेत. जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे गाव नोंदलेले असे. पण दिवाळीनंतर आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या भागात गेले की त्या गावच्या घराला कुलूप. मुलाला विचारले तर तो सांगे, सर, आता आमचे घर अमुक फडावर आहे. रजिस्टर एक सांगे, मूल दुसरे. आणि मार्चएप्रिलपर्यंत पत्र पोहोचायचे असेल तर मुलाचेच ऐकावे लागे. लिनक्ससारख्या प्रणालींत हे दोन्ही मार्ग आहेत. /ईटीसी/पासवर्ड नावाच्या फाईलमध्ये प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ असते, तिच्यात अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने असतात, आणि सहावा रकाना म्हणजे घराचा पत्ता. हे आपले रजिस्टर. दुसरीकडे चालू कामासोबत 'होम' नावाचे एक चल असते, म्हणजे एका नावाखाली ठेवलेली माहिती. ते मुलाचे तोंडी उत्तर. नुसता टिल्ड आला की आधी 'होम' चल विचारले जाते. ~सुजाता असे नाव घेऊन विचारले तर रजिस्टर उघडले जाते, कारण दुसऱ्याच्या घराबद्दल आपल्या तोंडच्या सांगण्याला काही किंमत नाही.

बहुतेक वेळा दोन्ही उत्तरे जुळतात आणि कोणाच्या काही लक्षात येत नाही. जुळत नाहीत तेव्हा गोंधळ होतो. व्यवस्थापकाचे अधिकार तात्पुरते घेण्यासाठी 'सुडो' हा आदेश वापरतात. सुडोपुढे एखादी आज्ञावली आणि ~/यादी असे लिहिले तर टिल्डचा विस्तार सुडो सुरू होण्यापूर्वीच, आपल्या शेलने, आपल्या घराच्या पत्त्याने केलेला असतो. पण तीच आज्ञावली पुढे स्वतःच्या पोटात 'घर कुठे' असे विचारू लागली तर, यंत्राची मांडणी कशी आहे त्यानुसार, तिला आपले घर मिळेल किंवा व्यवस्थापकाचे, म्हणजे लिनक्सवर /रूट. एकाच ओळीत दोन घरे! यंत्र सुरू होताच पडद्यामागे चालू होणाऱ्या काही सेवांना तर 'होम' चलच दिलेले नसते. आणि काही खाती अशी असतात की त्यांना घर नसतेच. डेबियन लिनक्सवर 'नोबडी' नावाचे खाते आहे. त्याच्या सहाव्या रकान्यात /नॉनएक्झिस्टंट, म्हणजे 'अस्तित्वात नसलेले', असा मार्ग लिहिलेला आहे. ते वाचून मला दर वेळी थोडे थांबावेसे वाटते. ज्याला घर नाही त्याच्याही नोंदीतला रकाना रिकामा सोडलेला नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. शेलच्या खिडकीत माणूस आदेश लिहितो तेव्हा विस्तार करायला शेल असतो. परंतु आज्ञावली जेव्हा स्वतः एखाद्या मांडणी-फाईलमधून मार्ग वाचते, किंवा पडद्यावरच्या चौकटीत कोणी मार्ग लिहितो, तेव्हा मध्ये शेल नसतो. अधीक्षक सर रजेवर आहेत आणि मुलाने पत्र थेट लाल पेटीत टाकले आहे, अशी ती अवस्था. तेव्हा पत्ता पूर्ण करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते, आणि तो भाषेसोबत मिळणाऱ्या लायब्ररीकडे, म्हणजे तयार साधनांच्या संचाकडे, पाहतो. येथे निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी भूमिका घेतली आहे.

पायथॉन भाषेत 'एक्सपँडयूजर' नावाचे साधन आहे, आणि ते दोन ठिकाणी आहे. जुन्या 'ओएस.पाथ' या संचातले साधन मृदू स्वभावाचे आहे : घराचा पत्ता ठरवता आला नाही, किंवा टिल्डनंतरच्या नावाची व्यक्तीच अस्तित्वात नसली, तर ते मुकाट्याने दिलेला मार्ग जसाच्या तसा परत देते. २०१४ साली आलेल्या 'पाथलिब' या नव्या संचात हे साधन पुढील आवृत्तीत, म्हणजे ३.५ मध्ये, दाखल झाले. ते मात्र अशा प्रसंगी काम थांबवून त्रुटी उभी करते. नाव तेच, काम तेच, पण अपयशाच्या वेळी वागणे उलट. मला विचाराल तर नव्याचे वागणे बरे. पत्ता सापडला नाही हे सांगणारा कारकून, न सापडलेला पत्ता तसाच पुढे सरकवणाऱ्या कारकुनापेक्षा नेहमीच बरा. विंडोजवर घर कोणते हे ठरवतानाही पायथॉनने ३.८ या आवृत्तीपासून 'होम' चलाकडे पाहणे सोडले आणि विंडोजच्या स्वतःच्या 'यूजरप्रोफाइल' या चलाला मान दिला.

रूबी भाषेतील 'एक्सपँड पाथ' हे साधन अपूर्ण मार्ग पूर्ण करण्याबरोबर टिल्डचाही विस्तार करते. ज्यांना मार्ग पूर्ण हवा पण टिल्डला हात नको त्यांच्यासाठी 'ॲब्सोल्यूट पाथ' असे वेगळे साधन ठेवलेले आहे. गो भाषेने २०१९ मधील १.१२ या आवृत्तीत घराचा पत्ता देणारे साधन पुरवले, पण मार्गातल्या टिल्डचा विस्तार तिच्या मूळ संचात नाही. घर सापडले नाही तर ते साधन त्रुटी परत करते. नोड आणि जावा यांतही घर कुठे ते विचारता येते, टिल्डचा अर्थ मात्र कोणी लावत नाही. उलट नोडमध्ये ~/छायाचित्रे हा मार्ग 'रिझॉल्व्ह' करायला दिला तर सध्याच्या फोल्डरचा मार्ग, त्यापुढे '~' आणि त्यापुढे छायाचित्रे असा एक भारदस्त, संपूर्ण दिसणारा आणि सर्वस्वी चुकीचा मार्ग मिळतो.

इतक्या भाषांनी विस्तार का टाळला असावा? आळस हे कारण नव्हे. टिल्ड हे फाईलच्या नावात चालणारे अक्षर आहे. ईमॅक्स हा जुना संपादक राखीव प्रत ठेवताना नावाच्या शेवटी टिल्ड लावतो. विंडोजवर लांब नावांची आठ अक्षरी संक्षिप्त रूपे होत, त्यांत मध्ये टिल्ड येई. आणि वर्डमध्ये एखादे टिपण उघडे असताना त्याच फोल्डरात जी लपलेली तात्पुरती फाईल तयार होते तिचे नावच '~$' अशा अक्षरांनी सुरू होते. आता समजा, एखाद्या आज्ञावलीने फोल्डरमधल्या सर्व फायलींची नावे मागितली आणि प्रत्येक नावावर, काळजी म्हणून, टिल्डचा विस्तार चालवला. वर्डच्या त्या फाईलपाशी येताच पायथॉनचा नवा संच टिल्डपुढच्या अक्षरांच्या नावाची व्यक्ती शोधू लागेल आणि अशी कोणी व्यक्ती नाही म्हणून काम थांबवील. कोणी खोडसाळपणे '~रूट' नावाची फाईल ठेवली असेल तर प्रसंग अधिक गंभीर, कारण आज्ञावली त्या फाईलऐवजी व्यवस्थापकाच्या घराकडे वळेल. माणसाने लिहिलेला टिल्ड म्हणजे 'घर', आणि यंत्राने यादीत दिलेला टिल्ड म्हणजे नुसते अक्षर. नुसत्या मार्गाकडे पाहून लायब्ररीला हा भेद कळण्याचा उपाय नाही. तो मार्ग कोणाकडून आला हे फक्त आज्ञावली लिहिणाऱ्याला ठाऊक असते.

हे सारे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही घडले ते असे. छायाचित्रांच्या प्रती तुकडीवार लावण्यासाठी मी पायथॉनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली होती. प्रती कुठे ठेवायच्या तो मार्ग मांडणी-फाईलमध्ये होता : ~/स्मरणिका/छायाचित्रे. आज्ञावलीत विस्ताराची ओळ लिहायची राहिली. 'मधली फोल्डरे नसतील तर तीही तयार कर' ही सवलत मात्र मी मोठ्या दक्षतेने दिली होती. त्यामुळे आज्ञावलीने कसलीही तक्रार न करता, जिथे ती चालत होती तिथे '~' नावाचे फोल्डर केले, त्यात स्मरणिका, त्यात छायाचित्रे, आणि आठवडाभर सगळ्या प्रती तिथे रचल्या. मला त्या माझ्या घरातल्या खऱ्या स्मरणिका फोल्डरात दिसेनात, तेव्हा शोध घेतला आणि ते विचित्र नावाचे फोल्डर सापडले. चूक लगेच समजली. प्रती योग्य जागी हलवल्या, आज्ञावली सुधारली, आणि उरलेले रिकामे '~' फोल्डर काढून टाकावे म्हणून शेलमध्ये फोल्डर पुसण्याचा आदेश लिहिला : आरएम -आर ~

वाचकांच्या लक्षात आले असेल. आज्ञावलीत जिथे विस्तार हवा होता तिथे करणारे कोणी नव्हते. येथे विस्तार नको होता तर शेल तत्परतेने हजर होता. त्याने टिल्ड खोडून माझ्या घराचा पूर्ण पत्ता लिहिला आणि पुसण्याचा आदेश पुढे पाठवला. लिनक्सवरचा हा आदेश संपूर्ण यंत्राचे मूळ फोल्डर पुसायला सांगितले तर आपणहून नकार देतो. एखाद्याचे घर पुसायला सांगितले तर देत नाही. पुसलेले कचरापेटीतही जात नाही. एक रिकामे फोल्डर काढायला इतका वेळ का लागतो आहे, असा विचार मनात येईपर्यंत काही क्षण गेले. कंट्रोल आणि सी दाबून आदेश थांबवला तेव्हा घराचा अर्धा भाग शिल्लक होता. फोल्डरे कोणत्या क्रमाने जातात त्यावर आपला काही ताबा नसतो. स्मरणिका फोल्डर गेलेल्या अर्ध्यात होते. पेनड्राइव्हवर पहिल्या दोन खेपांच्या प्रती होत्या, काही मित्रांच्या फोनमध्ये मी पाठवलेल्या निघाल्या. बाकीच्यांसाठी पुन्हा दारोदार गेलो. काही मूळ छायाचित्रे मिळाली. एका घरी दरम्यान छप्पर गळून अल्बम भिजला होता. तेथल्या आजींनी मला चहा दिला आणि छायाचित्राबद्दल एकदाही विचारले नाही.

त्या वेळी लिहायला हवा होता तो आदेश साधा आहे : ./~ असे लिहावे, म्हणजे 'इथलेच, टिल्ड नावाचे'. सुरुवातीला टिंब आणि तिरपी रेघ आली की टिल्ड शब्दाच्या आरंभी राहत नाही आणि शेल त्याला शिवत नाही. टिल्ड अवतरणचिन्हांत ठेवला तरी चालते. रिकामे फोल्डर काढण्यासाठी 'आरएमडीआयआर' असा वेगळा आदेशही आहे. आत काही असेल तर तो नकार देतो, आणि मी तो वापरला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

परंतु हीच टिंब-रेघेची युक्ती पायथॉनच्या पाथलिबमध्ये दगा देते, हे तरुण वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. पाथलिब मार्ग हाती घेताच त्यातली अनावश्यक टिंबे गाळून टाकतो. ./~ दिला की त्याच्यापाशी नुसता ~ उरतो, आणि त्यानंतर एक्सपँडयूजरला हाक मारली की घराचा पत्ता तयार. जुना ओएस.पाथ संच मार्गातले एक अक्षरही बदलत नाही, म्हणून त्याला ./~ दिले तर ते तसेच राहते. मघाशी मी नव्याची बाजू घेतली होती. येथे जुना अधिक विश्वासाचा ठरतो.

तेव्हापासून माझ्या लिखाणात मी जी शिस्त पाळतो ती सांगतो. टिल्डचा विस्तार एकदाच करतो, तोही माणसाचे अक्षर आज्ञावलीत प्रवेश करते त्या दारातच : मांडणी-फाईल वाचताना, चौकटीतला मजकूर घेताना, आदेशासोबत आलेला मार्ग उचलताना. दाराच्या आत मार्ग पूर्णच असतो आणि आत कुठेही पुन्हा विस्तार होत नाही. फोल्डरच्या यादीतून आलेल्या नावांना तर तो कधीच लावत नाही. विस्तारानंतर मार्ग अजूनही टिल्डने सुरू होत असेल तर काम थांबवून तसे सांगतो, कारण जुन्या संचाचे मौन मला महागात पडले असते. आणि काही पुसण्यापूर्वी किंवा लिहिण्यापूर्वी पूर्ण झालेला मार्ग पडद्यावर दाखवतो. अधीक्षक सर पत्र पेटीत टाकण्यापूर्वी पत्ता मुलाला वाचून दाखवीत आणि विचारीत, हेच ना रे तुझे घर? मूल मान हलवी. क्वचित एखादे म्हणे, नाही सर, आता आम्ही तिथे राहत नाही.

सुरुवातीच्या तुकड्यांतील ज्या माजी विद्यार्थ्यांकडे समूहछायाचित्रे असतील, मग ती फाटलेली, डागाळलेली, कडा वाळवीने खाल्लेली का असेनात, त्यांनी ती शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत किंवा नुसता निरोप पाठवावा. मी स्वतः येईन. मूळ छायाचित्र आपल्यासमोर उतरवून तिथल्या तिथे परत दिले जाईल. प्रती आता तीन ठिकाणी ठेवल्या जातात. छायाचित्रामागे नावे आणि गावे लिहिलेली असतील तर तीही उतरवून घेणार आहे. गाव बदलले असेल तर दोन्ही लिहावीत.